स्नॉर्केल मास्क, हेल्मेट आणि ॲक्रिलिकचा डबा: डॉक्टर-नर्सनी नाकातोंडावर केलेला जुगाड कितपत सुरक्षित असतो?

मार्च 2020 मध्ये कोविडच्या पेशंटनी उत्तर इटलीतल्या ब्रेशिया भागातली हॉस्पिटलं अक्षरशः भरून वाहत होती, आणि तिथल्याच रेनातो फावेरो नावाच्या एका रिटायर झालेल्या डॉक्टरांना एक आयडिया सुचली. समुद्रात पोहताना लावतात ना तो पूर्ण चेहऱ्याचा स्नॉर्केल मास्क, डिकॅथलॉनचा ईझीब्रेथ, त्यालाच ऑक्सिजनची नळी जोडता येईल का? इसिनोव्हा नावाच्या छोट्या कंपनीच्या क्रिस्तियान फ्रकासी आणि त्यांच्या टीमने एक मास्क उघडून बघितला, थ्रीडी प्रिंटरवर जोडणीचा तुकडा बनवला, त्याला शार्लट व्हॉल्व्ह नाव दिलं आणि डिझाइन सगळ्यांसाठी फुकट टाकून दिलं. ही बातमी आपल्याकडेही भरपूर फिरली होती, आठवत असेल.

पण त्या फॉरवर्डमध्ये एक गोष्ट नेहमी गाळली जायची. ब्रेशियातला तो मास्क पेशंटसाठी होता. मग लगेचच दुसरीकडे, अमेरिकेत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत वगैरे, तोच मास्क उलटा वापरायला घेतला, म्हणजे वर नळीच्या जागी भूल देण्याच्या मशीनचा फिल्टर लावायचा आणि मास्क डॉक्टरने घालायचा. दिसायला दोन्ही सारखेच, पण काम एकदम विरुद्ध. पेशंटच्या मास्कमध्ये हवा दाबाने आत सोडलेली असते, त्यामुळे कुठे फट राहिली तर हवा बाहेर जाते, पेशंटचं फार बिघडत नाही पण व्हायरस खोलीभर पसरतो. डॉक्टरच्या मास्कमध्ये पंप वगैरे काही नाही, डॉक्टरची छातीच हवा ओढते, म्हणजे श्वास घेताना मास्कच्या आत किंचित कमी दाब तयार होतो, आणि फट असेल तर खोलीतली हवा तिथून सरळ आत. फिल्टरला वळसा घालून!

म्हणून असा कुठलाही जुगाड समोर आला की "फिल्टर कुठला लावलाय" हा पहिला प्रश्न नसतो, पहिला प्रश्न असतो हवा आत कुठून येतेय, मग सोडलेली हवा जाते कुठे, आणि तिसरा, जो घाईत सगळ्यात जास्त विसरला जातो, हे नाही घातलं तर त्या माणसाकडे दुसरं काय आहे.

आधी फटीचं बघू, कारण बहुतेक जुगाड इथेच मार खातात.

समजा तुमच्याकडे हेपा फिल्टर आहे, म्हणजे 99.97 टक्के बारीक कण अडवणारा. खोलीतल्या हवेतले 10,000 कण तुमच्या वाट्याला येणार असतील तर फिल्टरमधून पार होतील 3. भारीच. पण मास्क गालावर नीट बसला नाही आणि दर श्वासातली फक्त 2 टक्के हवा कडेने आत आली, तर त्या हवेबरोबर 200 कण आले. एकूण 203. आता हेपा काढून साधा 99 टक्क्यांचा फिल्टर लावा, फिल्टरमधून साधारण 100 येतील आणि कडेने तेच 200, एकूण 300 च्या आसपास. म्हणजे फिल्टर तीसपट बरा लावला, पण प्रत्यक्ष संरक्षणात तीसपट सोडा, दीडपटच फरक पडला. तेच कडेची गळती 2 वरून अर्ध्या टक्क्यावर आणली असती तर साध्या फिल्टरवरही आकडा दीडशेवर आला असता. आणि यात अजून एक खोच आहे, फिल्टर जितका दाट तितकी हवा ओढायला जास्त जोर लागतो, जोर जास्त म्हणजे आतला दाब अजून कमी, आणि दाब कमी म्हणजे कडेने हवा अजून जास्त आत. त्यामुळे "आम्ही अजून एक फिल्टर जोडला" किंवा "वरून अजून एक कापडाचा थर दिला" हे ऐकलं की मला आनंद न होता काळजीच वाटते.

म्हणूनच एन95 मास्क घालणाऱ्याची फिट टेस्ट करतात, किंवा करायला हवी, आपल्याकडे किती ठिकाणी होते हा वेगळा विषय. डोक्यावर एक प्लास्टिकचा हूड घालतात, त्यात सॅकरीनचा गोड फवारा सोडतात, आणि माणसाला मान वळवायला, वाकायला, बोलायला लावतात. जिभेला गोड लागलं की फेल. त्याआधी मास्क न घालता अगदी पातळ द्रावण फवारून त्या माणसाला ही चव कळते तरी का ते तपासलेलं असतं. यात काही रॉकेट सायन्स नाही, अमेरिकेच्या नियमात टेस्टच्या द्रावणाची रेसिपीसुद्धा दिलेली आहे, 100 मिली कोमट पाण्यात 83 ग्रॅम सॅकरीन. आपण रोज घालताना दोन्ही हात मास्कवर ठेवून फुंकर मारून बघतो ती वेगळी गोष्ट, ती रोजची चाचपणी, फिट टेस्ट नव्हे. फुंकर मारून "ठीक वाटतंय" म्हणणारे बरेच जण खऱ्या टेस्टमध्ये नापास होतात. विशेषतः छोट्या चणीच्या नर्सेस, कारण कितीतरी मॉडेल मोठ्या पुरुषी चेहऱ्यांच्या मापावर बेतलेली असतात, आणि दाढीवाले, कारण केसातून हवा आरामात जाते.

दाढीवरून आठवलं, एक खरंच चांगला जुगाड इथेच झालाय. ब्रिटनमधल्या शीख डॉक्टर-डेंटिस्टांपुढे प्रश्न होता, दाढी काढायची नाही आणि कोविड वॉर्डात मास्कही बसत नाही. त्यांनी काय केलं, शीख लोक दाढी नीट बसवायला कापडाची पट्टी बांधतात ना, थाठा म्हणतात तिला, तसंच लवचिक रबरी पट्टीने हनुवटीपासून सगळी दाढी झाकून डोक्यावर गाठ मारायची आणि मास्क त्या गुळगुळीत रबरावर बसवायचा. आणि नुसतं करून थांबले नाहीत, लोकांना बसवून फिट टेस्ट केली, बहुतेक जण पास झाले, मग मेडिकल जर्नलमध्ये छापलं, 2020 मध्येच. जुगाड आणि धोकादायक जुगाड यातला फरक मला विचाराल तर इथेच आहे. जो फट बुजवतो आणि मोजून दाखवतो, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आता सोडलेल्या हवेचं. हे लोकांना पटकन लक्षात येत नाही.

आपण एका श्वासात साधारण 500 मिली हवा घेतो. बाहेर सोडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो 4 टक्क्यांच्या आसपास, बाहेरच्या ताज्या हवेत जेमतेम 0.04. मास्कच्या आत जी मोकळी जागा असते तिथे आपणच सोडलेली हवा अडकून राहते आणि पुढच्या श्वासाला सगळ्यात आधी तीच आत जाते, याला डेड स्पेस म्हणतात. युरोपचं एफएफपी मास्कचं (म्हणजे तिकडच्या एन95 सारख्या मास्कचं) स्टँडर्ड सांगतं की आत घेतलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड सरासरी 1 टक्क्यापेक्षा जास्त नको. ढोबळ हिशेब करा, 500 मिलीत 1 टक्का व्हायला 4 टक्केवाली शिळी हवा लागते 125 मिली, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासात मावेल इतकीच. आणि पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमधली जागा तर त्याच्या कितीतरी पट असते.

मग समुद्रात पोहणाऱ्यांना त्रास का होत नाही? कारण त्या मास्कची रचनाच हुशारीने केलेली आहे. नाकातोंडाभोवती आत वेगळा छोटा कप्पा असतो, ताजी हवा वरून मधल्या वाटेने येऊन काचेवरून खाली उतरते आणि एकतर्फी रबरी झडपांमधून त्या कप्प्यात शिरते, आणि सोडलेली हवा कडेच्या वेगळ्या नळ्यांमधून वर जाते. यायची वाट वेगळी, जायची वेगळी. आता वर एकच फिल्टर बसवला की दोन्ही वाटा फिल्टरच्या तोंडाशी एकत्र आल्या, आणि जोडणीचा तुकडा ऐसपैस बनवला असेल तर त्यातली हवा तिथेच मागेपुढे डोलत राहते. ज्यांनी विचार करून डिझाइन केलं त्यांनी या दोन वाटा शक्य तितक्या वेगळ्या ठेवल्या. पण इंटरनेटवरची फाइल उतरवून, थोडी बदलून, "जिथे जिथे भोक दिसतं तिथे सिलिकॉन लावून टाक" असं करणाऱ्याने नकळत नेमकी बाहेर जाणारी वाट बंद केली असेल तर आतला माणूस हळूहळू स्वतःचीच हवा परत घेत बसतो. डोकं दुखतं, गरगरतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. त्यात आयसीयूतली आठ-आठ तासांची ड्युटी, एसी बंद, वरून प्लास्टिकचा गाऊन. अशा अवस्थेत कुणीतरी पेशंटच्या घशात नळी घालतंय किंवा इंजेक्शनचा डोस मोजतंय, हे लक्षात घ्या. संरक्षणाचं साधन म्हणजे फक्त व्हायरस अडवणारं असं नसतं, ते घालून काम नीट करता आलं पाहिजे.

याच मास्कला हनुवटीपाशी पाणी बाहेर काढायची एक झडप असते. ती तशीच ठेवली तर डॉक्टरने सोडलेली हवा न गाळता बाहेर जाते, म्हणजे डॉक्टरलाच इन्फेक्शन असेल तर समोरच्या पेशंटची वाट लागली. व्हॉल्व्हवाल्या एन95 चं पण हेच आहे, जुलै 2020 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना पत्र पाठवून तसल्या मास्कबद्दल इशारा दिला तो याच कारणाने.

फिल्टरबद्दलही एक बारकी गोष्ट सांगून टाकतो. भूल देण्याच्या सर्किटमधला तो फिल्टर चांगलाच असतो, पण त्याची टेस्ट होते मिनिटाला 30 लिटर हवेच्या वेगावर, मशीनवर शांत झोपलेल्या मोठ्या माणसाला धरून. एन95 ची टेस्ट होते 85 लिटरवर. सीपीआर देताना, पेशंट उचलताना माणूस धापा टाकत असतो, तेव्हा हवा जोरात ओढली जाते आणि त्या वेगाला फिल्टर तितका चांगला चालतोच असं नाही. वर श्वासातली वाफ बसून तो ओला होतो आणि ओढायला जड होत जातो, आणि मग वर सांगितलं तेच, जड म्हणजे कडेने गळती.

हेल्मेट आणि रेनकोटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मार्च 2020 च्या शेवटी कोलकात्यात ज्युनियर डॉक्टरांना प्लास्टिकचे रेनकोट मिळाल्याच्या आणि हरियाणात एका डॉक्टरने एन95 नाही म्हणून बाइकचं हेल्मेट घातल्याच्या बातम्या आल्या होत्या. हेल्मेटची काच पुढे असल्याने थुंकीचे थेंब थेट डोळ्यात उडत नाहीत, तेवढा उपयोग. श्वासाच्या हवेसाठी शून्य, ती खालून मजेत आत येते. त्या डॉक्टरांना कुणी हसू नये, त्यांच्याकडे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं होतं.

कापडी मास्कवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्यावर आकडे आहेत. व्हिएतनाममध्ये हनोईच्या 14 हॉस्पिटलांतल्या 1607 कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये छापून आला. काहींना सर्जिकल मास्क, काहींना कापडी, आणि काहींचं जे रोजचं चालू होतं तेच. फ्लूसारखा आजार सगळ्यात जास्त झाला कापडीवाल्यांना. लॅबमध्ये तपासलं तर त्या कापडी मास्कमधून जवळजवळ 97 टक्के कण आरपार जात होते, सर्जिकलमधून 44 टक्के. कोविडमध्ये हा अभ्यास "कापडी मास्क घातल्याने आजार वाढतो" असा फिरवला गेला, पण तसं त्यातून निघत नाही, कारण रोजचं चालू असलेल्या गटातले बहुतेक लोकही कुठला ना कुठला मास्क घालतच होते, बिनमास्कवाल्यांशी तुलना झालीच नाही. निघतं ते एवढंच की वॉर्डात काम करणाऱ्याला कापडी मास्क देऊन "दिलं की संरक्षण" म्हणणं ही फसवणूक आहे, आणि तो ओला राहिला, धुतला नाही तर अजूनच.

तसं बघायला गेलं तर हे सगळं जुनंच आहे. 1910-11 च्या मांचुरियातल्या (ईशान्य चीन) फुफ्फुसी प्लेगमध्ये डॉक्टर वू लिएन-तेह यांनी कापसाची जाड घडी गॉझच्या थरांत घालून डोक्यामागे बांधायचा मास्क काढला, तो पण जुगाडच म्हणायचा. हवेतून प्लेग पसरतो हे मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना पटलं नाही, त्यांनी मास्क न घालता पेशंट तपासले आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगने गेले.

आता तो ॲक्रिलिकचा डबा. हा किस्सा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात चांगल्या मनाने केलेली गोष्ट उलटली. तैवानच्या एका भूलतज्ज्ञांनी मार्च 2020 च्या सुमारास पेशंटच्या डोक्यावर ठेवायचा पारदर्शक खोका बनवला, हात घालायला दोन भोकं, आतून पेशंटच्या घशात श्वासाची नळी घालायची, म्हणजे पेशंट खोकला तर थेंब डब्यातच. डिझाइन फुकट, बनवायला सोपा, आणि आपल्याकडे तर त्याची लाटच आली. साइन बोर्ड बनवणाऱ्यांपासून इंजिनियरिंग कॉलेजांपर्यंत सगळ्यांनी बनवले, संस्थांनी हॉस्पिटलांना दान दिले, हार घालून फोटो निघाले. मोठे थेंब तो अडवत होताच, रंगीत पाणी उडवून दाखवलं की खरंच डॉक्टरच्या अंगावर काही येत नव्हतं, त्यामुळे व्हिडिओत फारच पटायचं. पण बारीक कण रंगीत पाण्यासारखे वागत नाहीत. ते डब्यात साठतात आणि जिथे वाट मिळेल तिथून, म्हणजे हात घातलेल्या भोकांमधूनच, बाहेर येतात, आणि त्या भोकांसमोर कोण उभं असतं? नळी घालणारा डॉक्टर. ऑस्ट्रेलियात खोट्या पेशंटवर कण मोजले तर डबा न वापरता जेवढे डॉक्टरपर्यंत येत होते त्यापेक्षा डबा वापरून जास्त आले. दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात नळी घालायला वेळ जास्त लागला आणि भोकांच्या कडांत अडकून पीपीई फाटल्याचेही प्रकार झाले. औषधं आणि मेडिकल उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मे 2020 मध्ये अशा डब्यांना तातडीची परवानगी दिली होती, ती ऑगस्टमध्ये मागे घेतली, आणि सांगितलं की हवा ओढून घेणारा पंप नसलेले नुसते डबे वापरू नका. ही दुसरी बातमी मात्र पहिलीइतकी फिरली नाही, डबे वॉर्डात राहिले.

असाच धोका घरगुती पंखेवाल्या हूडमध्ये असतो. कॉम्प्युटरचा पंखा, बॅटरी, फिल्टर, डोक्यावर प्लास्टिकची पिशवीवजा टोपी, आत स्वच्छ हवा ढकलत राहायची म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाईल. तत्त्व एकदम बरोबर आहे, कंपनीचे हूड त्यावरच चालतात. पण अमेरिकेच्या नियमानुसार सैल हूडमध्ये मिनिटाला निदान 170 लिटर हवा यायला लागते, आणि कॉम्प्युटरच्या पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, समोर फिल्टरची भिंत उभी केली की तो नुसता गरगरत राहतो. आवाज येतोय म्हणजे हवा येतेय असं वाटतं. हवा कमी पडली की माणूस जोरात श्वास घेतो तेव्हा गळ्याकडून खोलीतली हवा आत येते, आणि बाकी वेळ आत कार्बन डायऑक्साइड साठतो. बॅटरी ड्युटीच्या मधेच संपली तर काय, हे पण बघायचं राहून जातं.

राहिला एन95 परत वापरायचा प्रश्न. एन95 मधला मधला थर नुसती गाळणी नसतो, त्याच्या धाग्यांवर विजेचा स्थिर भार असतो आणि तो बारीक कण स्वतःकडे खेचतो. हा भार द्यायची पद्धत शोधणारे पीटर त्साय, टेनेसी युनिव्हर्सिटीतून रिटायर झाले होते, कोविडमध्ये परत कामाला लागले ते मास्क पुन्हा कसे वापरता येतील हे शोधायला. सॅनिटायझर मारला किंवा साबणाने धुतला की हा भार जातो, मास्क दिसायला नवा कोरा आणि आतून निकामी. हॉस्पिटलच्या सीएसएसडीत, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायच्या विभागात टाकायचा मोह होतो, पण ऑटोक्लेव्हच्या गरम वाफेत आकार बिघडू शकतो आणि ईटीओ (निर्जंतुक करायला वापरतात तो इथिलीन ऑक्साइड गॅस) याचा अंश मास्कमध्ये राहिला तर तो गॅस कॅन्सर करणारा आहे, तो नाकाला लावून आठ तास बसायचं नसतं. त्यातल्या त्यात निभावणारा उपाय अगदी साधा, चार-पाच मास्क नंबर टाकून आलटून पालटून वापरायचे आणि मधले दिवस कागदी पिशवीत कोरडे ठेवायचे. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल राहते. इलॅस्टिक सैल पडलं किंवा नाकावरची पट्टी वाकेनाशी झाली की मास्क संपला, फिल्टर कितीही चांगला असो.

आणि एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा एक कंटाळवाणा पर्याय होता आणि आहे, तो म्हणजे कारखान्यात, पेंटिंगच्या कामाला वापरतात तो रबरी अर्ध्या चेहऱ्याचा मास्क, बाजूला बदलायचे फिल्टर असलेला. पुसून परत वापरता येतो, फिट टेस्ट होते, फिल्टर बरेच दिवस चालतात. टेक्सासमधल्या टीबीच्या हॉस्पिटलात तो वर्षानुवर्षं वापरतात, मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलने 2009 च्या स्वाइन फ्लूपासून ठेवलाय. बोललेलं नीट ऐकू येत नाही, घाम येतो, आणि श्वास सोडायच्या झडपेचा तो मघाचाच प्रश्न आहे, पण या अडचणी माहितीतल्या आहेत, त्यावर उपाय करता येतात. आपल्याकडे टीबी जगात सगळ्यात जास्त, वॉर्डातल्या मावशी आणि सिस्टर वर्षाचे बाराही महिने त्या हवेत असतात, आणि त्यांच्या तोंडावर बहुतेक वेळा साधा सर्जिकल मास्क. साथ नसतानाच हे मास्क विकत घेऊन, मापं घेऊन, टेस्ट करून ठेवता येतात. खरेदीच्या फाइलवर कुणाची सही अडते ते मला विचारू नका.

खिडक्यांचं पण याच हिशेबात धरा. पेरूच्या लिमा शहरात आठ हॉस्पिटलांमध्ये मोजून 2007 मध्ये छापलं होतं, दारं-खिडक्या सताड उघड्या असताना खोलीतली हवा तासाला 28 वेळा बदलत होती, आणि मशीनने हवा खेळवलेल्या खोल्यांचा हिशेब होता 12 वेळा. सगळ्यात जास्त हवा बदलत होती ती 1950 च्या आधी बांधलेल्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींमध्ये. खिडकी उघडल्याने मास्कची फट बुजत नाही, पण त्या फटीतून जी हवा आत येते तिच्यातले कण तरी कमी होतात, आणि त्याला ना फाइल लागते ना टेंडर.